चौथी सीट: कॉमिकेटवारीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

मिळाली जागा! सेन्पाईचा (म्हणजे ऑफिसातल्या सीनियरचा) मेसेज आला, ऑगस्टच्या कॉमिकेटला त्याच्या सर्कलला, म्हणजे पुस्तकं काढणाऱ्या हौशी गटाला, टेबल लागलंय. टेबल म्हणजे अर्धं टेबल, ९० बाय ४५ सेंटीमीटर, दोन खुर्च्या, बस. त्यासाठी फेब्रुवारीत अर्ज भरायचा, मग लॉटरीसारखी निवड, आणि एवढं करून त्या अर्ध्या टेबलावर आपण स्वतः छापलेली पुस्तकं विकायची. नफा वगैरे होत नाही, सेन्पाई गेली कित्येक वर्षं तोटाच करतोय आणि खूश आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे सहा महिन्यांनी हे परत वाचणाऱ्या माझ्यासाठी): कॉमिकेट म्हणजे कॉमिक मार्केट, टोक्योत वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या शेवटी. ऍनिमे-मांगावाल्यांची, म्हणजे जपानी कार्टून आणि कॉमिक्सवाल्यांची पंढरी म्हणा. पण विकायला असतात ती मोठ्या कंपन्यांची नाही तर हौशी लोकांनी काढलेली पुस्तकं, दोजिन्शी म्हणतात त्यांना. पहिलं भरलं २१ डिसेंबर १९७५ ला, तेव्हा ३२ सर्कल आणि सातशेच्या आसपास माणसं. आता एका दिवसाला लाखाच्या वर. म्हणजे यंदा पन्नासावं वर्ष.

आणि दोजिन्शी म्हणजे फक्त ऍनिमेची पात्रं असं नाही हे मला सेन्पाई भेटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. रेल्वेची असते, प्रवासाची असते, खाण्याची असते, कुणी म्हणे एकाच जातीच्या मॅनहोलच्या झाकणांवर काढतो. सेन्पाई रेल्वेवाला. इथे जपानातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, कार्सचे पार्ट डिझाइन करतो आणि जेवायच्या सुट्टीत ट्रेनचे डबे काढतो. मी डोंबिवलीचा आहे हे कळल्यापासून त्याने माझा पिच्छाच सोडला नाही. मुंबई लोकलवर पुस्तक काढू, तू सांग मी काढतो. मी हो म्हणून बसलो, आता निस्तरा.

बायको जास्त खूश आहे. ती लहानपणी ते हिंदीत बोलणारं जपानी कार्टून बघून मोठी झालेली, तिला आत्तापासून खरेदीची यादी करायचीय. मी म्हटलं अगं आपण काम करायला चाललोय, तर म्हणे तू कर काम.

१० जून, मंगळवार

काल मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना घासून जाताना दारात लटकलेली माणसं पडली. चार जण गेले.

सकाळी पहिल्यांदा बाबांना फोन केला. बाबा रिटायर होऊन आठ वर्षं झालीत, ते त्या ट्रेनमध्ये असणं शक्यच नव्हतं, पण फोन केला. ते म्हणाले मुंब्र्याच्या त्या वळणाला आम्ही सगळे आत अंग चोरायचो, सवयच होती. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

अडचण अशी की आमच्या कव्हरचं स्केच तयार होतं. दारात लटकलेली आठ-दहा माणसं, हवेत उडणाऱ्या टाय, हसरे चेहरे, मांगा स्टाइल. सेन्पाईने खूप सुंदर काढलंय ते, दोन रात्री जागला होता. लंच टाइमला मी त्याला बातमी दाखवली. त्याने वाचली, मोबाइल परत दिला, टॅबलेट उघडला आणि माझ्यासमोर ती फाइल डिलीट केली. मी म्हटलं अरे थांब, निदान ठेवून तरी दे, तर म्हणाला ठेवली की वापरावीशी वाटते.

आता कव्हर नाही. पण मला या दोन दिवसांत एक कळलं की नक्की काय दाखवायचं नाहीये. परदेशात मुंबई लोकल म्हटलं की तो एकच फोटो, दारातलं मोहोळ. बघा बघा कशी जनावरासारखी जातात. मीही पार्ट्यांमध्ये तेच सांगून टाळ्या घेतल्यात, खोटं कशाला बोलू. या पुस्तकात दाराच्या बाहेरचं काही नको. आतलं दाखवायचं.

२२ जून, रविवार

आतलं म्हणजे काय? चौथी सीट!

बाबांशी दीड तास व्हिडिओ कॉल. सेन्पाई माझ्या घरी, बायकोने कांदेपोहे केलेले, बाबा तिकडे गॅलरीत, मागे पाऊस. मी दुभाष्या. बाबांनी एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं (सीएसएमटी म्हणत नाहीत ते, व्हीटीच), त्यामुळे साक्षीदार एक नंबर.

सेन्पाईचा पहिला प्रश्न: बाक तिघांचा आहे ना, मग चौथा बसतो कुठे? बाबा उठले, स्टूल ओढलं, त्याच्या कडेला अर्धं बूड टेकवून बसून दाखवलं, एक पाय पॅसेजमध्ये, हाताने पुढची कडी धरल्याचा अभिनय. म्हणाले याला बसणं म्हणत नाहीत, टेकणं म्हणतात, पण उभ्या माणसाला विचार टेकणं म्हणजे काय ते. दुसरा प्रश्न: मग आधीचे तिघं सरकतात तरी का? नियम आहे का? बाबा म्हणाले नियम कसला, उद्या मी चौथा असणार.

सेन्पाईने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मला तीनदा रिपीट करायला लावलं.

मग अजून बरंच निघालं. आधीच विचारून ठेवायचं, कुठे उतरणार, आणि तो ठाण्याला म्हणाला की ती सीट तुमची, बाकी कुणी मध्ये पडत नाही. सीट मिळावी म्हणून उलट्या दिशेने दोन-तीन स्टेशनं जाऊन त्याच गाडीत बसून यायचं. ग्रुपमधले अर्ध्या रस्त्यात उठून उभ्यांना बसायला देणार. भजनवाले, पत्तेवाले, दसऱ्याला डब्याला हार घालून पूजा. लेडीजमध्ये भाजी निवडणं चालतं हे बायकोने सांगितलं, ती ठाण्याची, तिची आई मेथीची जुडी घेऊन चढायची आणि उतरेपर्यंत निवडून पिशवीत.

नाव ठरलं. जपानीत चौथ्या माणसाची सीट म्हणजे ‘योनिनमे नो सेकी’. बायको म्हणाली, हे नाव फोनवर बाबांना मोठ्याने सांगू नकोस प्लीज, सोसायटीत ऐकू जाईल.

५ जुलै, शनिवार

पान ६ आणि ७ झालं, माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात भारी पान, म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवतो.

जपानमध्ये गर्दीची अधिकृत पट्टी आहे. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला सीट नाहीतर कडी नाहीतर दांडा. दीडशे टक्के म्हणजे पेपर आरामात उघडून वाचता येतो. १८० ला पेपर घडी करून, जरा ओढाताण करून. २०० ला अंगाला अंग लागतं, चांगलंच दाबल्यासारखं होतं, तरी छोटं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० ला गाडी हलली की अंग तिरकं होतं आणि हातसुद्धा हलवता येत नाही. हे खरंच सरकारी आहे, मी बनवून सांगत नाहीये. गर्दी मोजायची पेपर वाचण्यावरून! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं हे ज्याने लिहिलं त्याला डोंबिवलीला जावई करून घ्यावं.

टोक्योत आपले लोक राहतात त्या निशी-कासाईवरून जाणारी तोझाई लाइन २०१९ च्या सुमाराला १९९ टक्क्यांवर होती, देशात सगळ्यात वर. म्हणजे आपल्या लोकांनी घरं घेतली तीही बरोबर गर्दीच्याच लाइनवर, रक्तातच आहे.

तर पान असं: डावीकडे जपानी पट्टी, तीच पाच चित्रं, तोच सूटवाला माणूस आणि त्याचा पेपर. उजवीकडे मुंबईची पट्टी, तेच टक्के. १५० ला डबा रिकामा, प्रवासी घाबरून विचारतोय आज सुट्टी आहे का. १८० ला पत्ते, मांडीवर ब्रीफकेस आडवी. २०० ला पेपर उभा चार घड्या घालून, एकाच्या हातात आणि तिघं वाचतायत, उलटायच्या आधी तो विचारतोय झालं का. २५० ला मेथी. आपल्याकडे रेल्वेच्या भाषेत त्याच्याही वर एक पायरी आहे, सुपर डेन्स क्रश लोड, उभ्या माणसांना एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा जण. त्या पायरीला चित्र काढलंच नाही, रिकामा काळा चौकोन आणि आतून आवाज: ‘अगला स्टेशन कौनसा?’

सेन्पाईने चौदा माणसं एका मीटरमध्ये मावतात का हे ऑफिसच्या जिन्याखाली खडूने चौकोन आखून बघितलं. आम्ही सहा जण झालो आणि बाकीचे कामावर परत गेले.

त्याचे टेक्निकल प्रश्न संपत नाहीत. डबा ३.६६ मीटर रुंद म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना, इकडची टोक्योतली गाडी २.९५ ची, आणि रुळांमधलं अंतर आपलं १६७६ मिलिमीटर, यांचं १०६७. म्हणाला एवढी रुंद गाडी असून तुम्हाला पुरत नाही? काय सांगणार.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस वेलांटीने खाल्ला.

सेन्पाईला पानांवर थोडं मराठी हवंय, सजावट म्हणून नाही तर खरंखुरं, डब्यात लिहिलेलं असतं तसं. मी टाइप करून पाठवलं, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्यावर ‘डोंबिवली’ची वेलांटी ब सोडून व च्या गळ्यात, ‘विक्रोळी’चा क्र फुटून क, हलन्त, र असा तीन तुकड्यात. सेन्पाईला यातलं काहीच चुकीचं दिसत नाही हे सगळ्यात भयंकर. तो म्हणतो छान दिसतंय. अरे बाबा, छान नाहीये, हे वाचून डोंबिवलीकर मला घरात घेणार नाहीत.

दोन तास सेटिंग शोधण्यात गेले, अक्षरं जुळवणारं इंजिन बदलायचा एक पर्याय असतो तो त्याच्या व्हर्जनमध्ये दिसेचना. शेवटी देशी उपाय: मी माझ्याकडे शब्द नीट टाइप करून, मोठ्या साइजची पारदर्शक चित्रं करून पाठवली, त्याने चिकटवली. एकूण ४३ शब्द. त्यात एक स्पेलिंग मीच चुकवलं होतं, ते बायकोने पकडलं.

इंडिकेटरच्या पानावर मात्र मजा आली. कल्याणला के, ठाण्याला टी इथपर्यंत तो माना डोलावत होता, मग कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन आलं. त्याने पेन खाली ठेवलं. म्हटलं हे पाठच करायचं असतं, आम्ही पाढ्यांसारखं केलंय.

२४ जुलै, गुरुवार

गेलं छापायला. ए५ साइज, २४ पानं (चारच्या पटीत लागतात, मधे पिन मारतात म्हणून), कव्हर रंगीत, आत काळंपांढरं, ६० प्रती. सगळीकडे ३ मिलिमीटर जास्तीचं सोडायचं असतं कापण्यासाठी, ते पान १४ ला सोडलं नव्हतं, रात्री साडेअकराला कळलं, बारा ही लवकरच्या डिस्काउंटची मुदत. सेन्पाईने ११.५२ ला अपलोड केलं. मी फक्त मागे उभा राहून नखं खाल्ली.

कव्हरवर शेवटी काय: मागून दिसणारा एक बाक. तीन पाठी आणि चौथी अर्धी.

मागच्या पानावर एक ओळ, ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली, म्हणजे यंदा शंभर वर्षं. कॉमिकेटची पन्नास, लोकलची शंभर. सेन्पाईला हा योगायोग इतका आवडला की तो अर्ज भरताना हेच लिहून आला होता हे त्याने आत्ता सांगितलं. त्याखाली अजून एक छोटी ओळ आहे, ९ जूनची. त्यावर चित्र नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बॅग भरली. पुस्तकं परस्पर हॉलवर पोचणार, आपल्या टेबलाखाली खोका ठेवलेला असतो म्हणे. बाकी: टेबलावर घालायला कापड (बायकोची जुनी इरकल, हिरवी, काठ लाल), किमतीचा बोर्ड, टेप, कात्री, मीठ-साखरेची पाकिटं, दोन-दोन लिटर पाणी, फ्रीज केलेले टॉवेल, छोटा पंखा. आणि सुट्टे. पुस्तक ५०० येनला, लोक हजाराची नोट देतात, म्हणून पाचशेची ४० नाणी. ती गोळा करायला तीन आठवडे लागले, बँकेत सुट्ट्यालाही फी, त्यामुळे मी रोज कोपऱ्यावरच्या दुकानात हजार मोडून एक कॉफी घेत होतो. त्या दुकानातली मुलगी आता मला बघूनच कॉफी काढते.

गरमी वाईट आहे. याच महिन्याच्या ५ तारखेला इसेसाकीला ४१.८ डिग्री झालं, जपानचा आजवरचा उच्चांक. विदर्भातला मित्र हसला हे ऐकून. पण इथली हवा दमट आहे रे बाबा, चंद्रपूर आणि दादर एकत्र.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नागोया ते टोक्यो, नोझोमी बुलेट ट्रेनने पावणेदोन तासाच्या आतच. ओबोनचे, म्हणजे पितरांच्या सणाचे दिवस, निम्मा जपान गावाला निघालेला किंवा परतणारा, म्हणून या दिवसांत नोझोमीत सगळ्या सीट रिझर्व्ह, एकही मोकळी नाही. आमच्या बाजूला तिघांच्या बाकावर तिघं. चौथा कोणी आला नाही. मी उगाच थोडा सरकून बसलो होतो, बायकोने विचारलं काय करतोयस.

निशी-कासाईला मित्राकडे मुक्काम. स्टेशनबाहेर पडलो की दोन मिनिटांत मराठी कानावर येतंच येतं. योगेंद्र पुराणिक २०१९ ला याच एदोगावा वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले ते उगाच नाही. वहिनींनी वरण-भात-तूप आणि बटाट्याच्या काचऱ्या केल्या होत्या, दिवसभर बेंटो (जपानी डबा) खाल्लेल्या माणसाला अजून काय पाहिजे. मित्राला पुस्तकाची पीडीएफ दाखवली, तो अंबरनाथचा, त्याने सुरुवातच केली, तुम्ही डोंबिवलीवाले आम्हाला कधी बसू देत नव्हता. अर्धा तास यावरच वाद. सेन्पाई (तो हॉटेलवर उतरलाय पण जेवायला आला होता) शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला दुसऱ्या भागाचा विषय मिळाला.

१८ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस फोन हातात धरायलाही वेळ नव्हता. घरी आलोय, पाय सुजलेत, सगळं एकदम लिहून काढतो नाहीतर विसरेन.

टेबलाचा दिवस. पहाटे साडेपाचला उठून शिन-किबाला, तिथून रिंकाई लाइन, कोकुसाई-तेन्जिजो स्टेशन. डबा भरलेला, प्रत्येकाच्या पाठीला सॅक, पण काय शांतता! मला वाटलं २०० टक्के असेल, सेन्पाई म्हणाला १८०. स्टेशनातून वर आलो आणि समोर माणसांचं मैदान. रात्रभर रांग लावायला बंदी आहे म्हणून पहिल्या ट्रेनने येतात. आम्ही सर्कलवाले, आमचं गेट वेगळं, तिकडून आत. बिग साइटची, म्हणजे कॉमिकेट भरतं त्या प्रदर्शन केंद्राची ती उलट्या पिरॅमिडची बिल्डिंग फोटोत बघितलेली, खाली उभं राहिल्यावर अंगावर येते.

हॉलमध्ये टेबलांच्या लांबच लांब रांगा, त्याला बेट म्हणतात. फेमस सर्कल भिंतीला लावलेले, म्हणजे त्यांच्या रांगा शटरमधून बाहेर काढता येतात. आम्ही अर्थातच बेटाच्या पोटात. टेबलावर प्रिंटरवाल्यांच्या जाहिरातींचा गठ्ठा, खाली आमचा खोका. खोका उघडला. वास आला शाईचा. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव छापलेलं पुस्तक हातात धरलं, तेही जपानीत, आणि बायकोने फोटो काढला त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

पहिलं काम शेजाऱ्यांना नमस्कार आणि पुस्तकांची देवाणघेवाण. डावीकडे एक काका, फक्त बंद पडलेल्या रेल्वे लाइनींच्या बोगद्यांवर. उजवीकडे दोन मुली, स्टेशनवरच्या बेंटोंच्या कागदांचा कॅटलॉग. मग स्टाफ येऊन एक नमुना प्रत घेऊन जातो, चाळून बघतो, विकायला हरकत नाही म्हणतो. हा सगळा स्टाफ बिनपगारी. आणि इथे गिऱ्हाईक असा शब्दच वापरत नाहीत, विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळे ‘भाग घेणारे’. साडेदहाला अनाउन्समेंट झाली आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मला वारीत माउलींच्या घोड्याचं रिंगण सुरू व्हायच्या आधीचा क्षण आठवला, जास्त सांगत नाही, पण आठवला.

पहिला तास: शून्य. लोक येतात, कव्हर बघतात, इरकल बघतात, जातात. सेन्पाई म्हणाला धीर धर, आधी सगळे भिंतीला जातात, मग बेटाला येतात. तसंच झालं, बाराच्या सुमाराला पहिला माणूस थांबला, त्याने पान ६-७ उघडलं, आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेला. १८० ला ओठ हलले. २०० ला नाकातून आवाज आला. मेथीला तो चक्क मोठ्याने हसला आणि नाणं काढलं. त्यानंतर मी दर वेळी पुस्तक त्याच पानावर उघडून ठेवलं, धंद्याची अक्कल इतपत आलीच.

लक्षात राहिलेली माणसं. एक आजोबा, छोटी वही, गळ्यात दुर्बिणीसारखा चष्मा. विचारलं मुंबईच्या गाड्यांच्या विजेचं डीसीचं एसी कधी झालं? मी म्हटलं २०१२ ते २०१६ मध्ये, आधी वेस्टर्न, मग सेंट्रल, शेवटी हार्बर. ते म्हणाले हो बरोबर, मी फक्त तुम्हाला माहितेय का बघत होतो. मग म्हणाले, तुमच्याकडे १५०० व्होल्ट डीसी होतं तसं आमच्याकडे साध्या लाइनींवर अजून आहे, म्हणजे मुंबई आमच्या पुढे गेली. हे वाक्य बाबांना फोनवर सांगितल्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या कुलकर्ण्यांना बोलावून मला परत सांगायला लावलं.

एक कॉलेजची मुलगी, केस निळे, पिशवीवर पंचवीस बिल्ले. तिने लेडीज स्पेशलचं पान धरून ठेवलं. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली सुरू झाली, अख्खी गाडी बायकांची. तिने विचारलं, एक डबा नाही, अख्खी? बायको पुढे सरसावली, पुढची वीस मिनिटं टेबल तिच्या ताब्यात, मेथीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळं डब्यात होतं हे हातवाऱ्यांनी. त्या मुलीने दोन घेतली.

आणि एक जण, कॅमेरावाला. सगळं चाळून म्हणाला, पण दारात लटकलेल्यांचं चित्र नाही? मुंबई म्हणजे तेच ना, तेच तर बघायला येतात लोक. मी जपानीत काय बोलावं याचा विचार करत होतो तेवढ्यात सेन्पाईने मागचं पान उघडून ती छोटी ओळ दाखवली. तो माणूस वाचून थोडा वाकला, सॉरी म्हणाला. मग पुस्तक घेतलं. मला तो घेणार नाही असं वाटलं होतं.

चारला परत टाळ्या. हिशोब: ६० पैकी एक नमुना, पाच देवाणघेवाणीत, ३८ विकली, १६ उरली. १९,००० येन आले, छपाईला त्याहून जास्त गेलेत, प्रवास तर धरूच नका. सेन्पाई म्हणाला रेकॉर्ड! त्याचा आजवरचा आकडा २९ होता.

फिरायचा दिवस बायकोचा, मी हमाल. त्या दिवशी रीतसर तिकिटाचा मनगटी पट्टा लावून उन्हात बाहेरच्या रांगेत. हजारो माणसं, स्टाफ हात वर करतो की सगळे उठतात, चालायला लागतात, कुणी धावत नाही. धावायला बंदीच आहे. मला सारखं वाटत होतं की इथे दादरचा एक माणूस सोडला तर तो दहा मिनिटांत पुढे असेल, आणि दहा मिनिटांत बाहेरही. एका भिंतीवरच्या सर्कलची रांग एवढी मोठी की शेवटच्या माणसाने हातात पाटी धरायची असते, ‘साइकोबी’, म्हणजे शेपूट इथे आहे. नवीन माणूस आला की पाटी त्याच्या हातात. बायकोच्या हातात आली आणि नेमकं मागून कुणी येईचना. पाच मिनिटं ती पाटी घेऊन उभी, चेहरा पंधरा ऑगस्टला झेंडा धरलेल्या पोरासारखा. मी व्हिडिओ काढलाय. तिला हवं ते पुस्तक तिच्या पुढच्या चौथ्या माणसाला संपलं. रडली नाही, पण बोललीही नाही थोडा वेळ.

कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून उभं राहायच्या जागेत मग तिचा मूड परत आला. घरून वेश करून यायचं नाही, इथे येऊन बदलायचं, जाताना परत साधे कपडे, हा नियम. त्या उन्हात पूर्ण चिलखत घालून उभा असलेला एक मुलगा बघितला, हात-पाय पुठ्ठ्यासारख्या फोमचे, आतून घामाची धार, आणि त्याची मैत्रीण चिलखताच्या फटीतून छोटा पंखा आत धरून उभी. फोटो काढण्याआधी प्रत्येक जण विचारतो, वाकतो, रांगेत थांबतो. आम्हीही थांबलो. परतताना हातात चार पिशव्या, त्यातल्या सव्वातीन तिच्या.

३१ ऑगस्ट, रविवार

उरलेल्या सोळातली तीन वाटली, तेरा कपाटात.

गणपतीला मुंबईला जाणाऱ्या एका मित्राबरोबर बाबांना प्रत पाठवली होती, काल पोचली. आज सकाळी व्हिडिओ कॉल, बाबा सोवळं सोडून नुकतेच टेकलेले, मागे आरास, आई मोदकांच्या भांड्यांचा आवाज करतेय. जपानी काहीच कळत नाही तरी त्यांनी चोवीसच्या चोवीस पानं बोट ठेवून बघितली. पेपरच्या पानावर हसले. मागच्या पानावर विचारलं हे काय लिहिलंय, मी सांगितलं, म्हणाले बरं केलंत.

मग चष्मा पुसून पान ११ उघडलं. म्हणाले, एक चूक आहे. इथे खिडकीवाला चौथ्याकडे बघतोय. विंडोवाला चौथ्याकडे कधीच बघत नाही रे. बघितलं की सरकावं लागतं. तो झोपतो, आणि झोप आली नसेल तरी डोळे मिटतो.

सेन्पाईला लगेच कळवलं. पुढच्या छपाईसाठी दुरुस्ती, पान ११, खिडकीवाल्याचे डोळे बंद. त्याचं पाच मिनिटांत उत्तर आलं: एक डोळा किंचित उघडा ठेवला तर चालेल का, वडिलांना विचार.

विचारलं. बाबा म्हणाले, ठेव.